घरी शिकणाऱ्या मुलांसाठी इतिहासाच्या पुस्तकांची निवड : एक विचार

प्रस्तावना :
मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याचा मार्ग काही सुशिक्षित पालक जाणीवपूर्वक स्वीकारताना दिसतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील दहाव्या कलमाने पाल्यास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. या कायदेशीर बाजूची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ११ ते १४ या वयोगटातील, म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीच्या पातळीवरील मुलासाठी इतिहासाची पुस्तके कोणत्या निकषांवर निवडावीत, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गणिताचे पुस्तक सदोष असले, तर उदाहरण चुकते आणि दोष उघड होतो. इतिहासाच्या पुस्तकाबाबत असे घडत नाही. शाळेत पुस्तक एकांगी असले तरी शिक्षक, निरनिराळ्या घरांतून आलेले वर्गमित्र व ग्रंथालय यांच्या रूपाने दुसरा आवाज कानी पडण्याची शक्यता असते. घरी मात्र पुस्तक निवडणारी, शिकविणारी आणि उत्तर तपासणारी व्यक्ती बहुधा एकच असते. त्यामुळे पालकाची आवड हाच मुलाचा इतिहास ठरण्याचा धोका संभवतो.

बडोद्याचा अनुभव :
मराठी इतिहासलेखनातील एका मोठ्या प्रकल्पाचे मूळ अशाच खाजगी अध्यापनात आहे. गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) हे १८८९ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत रुजू झाले. राजपुत्रांना इतिहास शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच रियासतींची कल्पना आकारास आली. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९०२ पासून ‘मराठी रियासती’चे भाग येऊ लागले. बडोद्याची सेवा १९२५ मध्ये संपल्यावर त्यांच्याकडे पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या संपादनाचे काम आले व त्याचे ४५ खंड सिद्ध झाले. त्यानंतर १९४६ ते १९४८ या काळात मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत लिहिला.

या क्रमाचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांसाठी टिपणे काढणाऱ्या शिक्षकाला पुढे मूळ कागद पाहिल्यावर तोच इतिहास पुन्हा लिहावासा वाटला. रियासतकारांना स्वतःचे पुस्तक अखेरचे वाटले नाही. मग पालकाने कपाटातील एकच ग्रंथ मुलाच्या हाती देऊन ‘हाच खरा इतिहास’ असे सांगणे कितपत योग्य ठरेल?

कादंबरी आणि इतिहास :
मराठी घरांत इतिहासाचा प्रवेश पुष्कळदा कादंबरीच्या मार्गाने होतो. ‘स्वामी’ (१९६२), ‘श्रीमान योगी’ (१९६८), ‘छावा’ (१९७९), ‘पानिपत’ (१९८८) या कृतींनी अनेक पिढ्यांना या विषयाची गोडी लावली. त्या मुलांपासून दूर ठेवाव्यात, असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि, कादंबरीतील संवाद ही लेखकाची निर्मिती असते, हे मुलाला प्रथमपासूनच सांगितले पाहिजे. पदवीच्या प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांत कादंबरीतील वाक्ये ऐतिहासिक पुरावा म्हणून दिलेली प्रस्तुत लेखकाला वारंवार आढळली आहेत. हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. दोन प्रकारच्या पुस्तकांतील भेद त्यांना योग्य वयात कोणी दाखविलेला नसतो.

पानिपत : एक उदाहरण :
१४ जानेवारी १७६१ रोजी झालेले पानिपतचे युद्ध बहुतेक मराठी मुलांना ऐकून ठाऊक असते. त्यासाठी पुढील वाचनक्रम सुचविता येईल. प्रथम पाठ्यपुस्तकातून घटनाक्रम व नकाशा समजून घ्यावा. मग ‘भाऊसाहेबांची बखर’ मधील एखादा प्रसंग वाचावा. त्यासोबत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने १७८० च्या सुमारास फारसीत लिहिलेल्या वृत्तांताचा सारांश पालकाने सांगावा, म्हणजे विरुद्ध छावणीतून दिसलेले युद्धही कळते. अखेरीस वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ च्या पहिल्या खंडातील दोन-तीन पत्रे घ्यावीत. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेल्या पत्रांतून पैसा व रसद यांची निकड स्पष्ट होते. लढाई केवळ तलवारीने होत नाही, तिला धान्य आणि चाराही लागतो, हे बारा वर्षांच्या मुलाला यातून सहज उमगते.

येथे एक प्रश्न मुलाला अवश्य विचारावा : यांपैकी कोणाला शेवट ठाऊक होता? बखरकार व काशिराज यांना तो ठाऊक होता, पत्र लिहिणाऱ्याला नव्हता. साधनांची चिकित्सा या एका प्रश्नापासून सुरू होते. पत्रांची भाषा अठराव्या शतकातील असल्याने ती पालकाने सोबत बसून वाचणे आवश्यक आहे. आठवड्याला एक पत्र पुरेसे आहे.

निवडीचे निकष :
१. लेखकाला ही माहिती कशी कळली, याचा निर्देश पुस्तकात असावा.
२. नकाशे व कालपट असावेत. स्थळ व काळ यांचे भान नसल्यास इतिहास गोष्टींचा संग्रह बनतो.
३. राजे व लढाया यांबरोबर शेतकरी, कारागीर, व्यापारी आणि स्त्रिया यांच्या जीवनास स्थान असावे.
४. अभ्यासकांत मतभेद असल्यास तो लपविलेला नसावा.
५. पाठ्यपुस्तकाची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवावी. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सहावीसाठी २०२४ मध्ये आणि सातवी-आठवीसाठी २०२५ मध्ये सामाजिक शास्त्राची नवी पुस्तके आणली. काय वाढले, काय गळले हे शोधणे हाच उत्तम स्वाध्याय होय.
६. पालकाला स्वतःला न पटणारे, परंतु साधार लिहिलेले किमान एक पुस्तक संग्रहात असावे.

यातील सहावा निकष सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा आहे. शाळेत आपोआप मिळणारा दुसरा आवाज घरी पालकालाच आणावा लागतो. परस्परविरोधी वृत्तांतांमुळे मूल गोंधळेल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु दोन भावंडे एकाच भांडणाची हकिकत दोन प्रकारे सांगतात, हे घरातल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त्या अनुभवाला पुराव्याची शिस्त लावणे एवढेच इतिहास-शिक्षकाचे काम आहे.

समारोप :
सारांश, घरी शिकणाऱ्या मुलासाठी एक आदर्श पुस्तक शोधण्यापेक्षा पाठ्यपुस्तक, कथनात्मक ग्रंथ आणि मूळ साधन असा लहानसा संच तयार करणे अधिक हितावह आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनाही यात कर्तव्य आहे. आपल्या ग्रंथालयातील साधनग्रंथांतून सोप्या उताऱ्यांची टिपांसह निवड करून दिल्यास अशा पालकांची मोठी सोय होईल. आज घरी शिकणारे मूल उद्या आपल्याच वर्गात बसणार आहे. त्या वेळी त्याने ‘हे कशावरून?’ असे विचारावे, असे वाटत असेल, तर तो प्रश्न त्याच्या बाराव्या वर्षीच त्याच्या हाती दिला पाहिजे.