वायरचं इंटरनेट रांगतंय? लाईनला दोष देण्याआधी संगणकाचं स्पीड-ड्युप्लेक्स तपासा

पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आलेली, सेवा केंद्रात गर्दी आणि सातबाऱ्याची फाईल काही केल्या अपलोड होत नाही. अशा वेळी सगळा दोष ‘वरून लाईन स्लो आहे’ म्हणून ढकलला जातो. पण कधी कधी खोट त्याच खोलीत असते. संगणकाचं नेटवर्क कार्ड आणि समोरचा स्विच किंवा राऊटर यांचा मेळच बसलेला नसतो. लिनक्सच्या संगणकावर हे पाच मिनिटांत कळतं.

स्पीड आणि ड्युप्लेक्स म्हणजे काय?

स्पीड म्हणजे वायरचा वेग. तो साधारण १०, १०० किंवा १००० एमबीपीएस असतो. ड्युप्लेक्स म्हणजे रस्ता एकेरी की दुहेरी. हाफ ड्युप्लेक्स ही अरुंद पाणंद समजा: समोरून गाडी आली की आपण थांबायचं. फुल ड्युप्लेक्समध्ये येणं-जाणं एकाच वेळी चालतं.

मेळ कसा बिघडतो?

दोन्ही टोकं ‘ऑटो’वर असली की ती आपसात ठरवून घेतात. पण कुणी एकाच टोकाला १०० आणि फुल असं पक्कं करून ठेवलं, तर दुसऱ्याला वेग ओळखता येतो, ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. एकाला रस्ता दुहेरी वाटतो, दुसऱ्याला एकेरी. टक्कर ठरलेलीच. अशा वेळी पिंग बरोबर जातं, छोटं पान उघडतं, पण मोठी फाईल अडकते. म्हणूनच हा दोष लवकर लक्षात येत नाही.

तपासायचं कसं?

टर्मिनल उघडा. ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली की कार्डाचं नाव दिसतं, जसं ईटीएच०. मग ‘इथटूल ईटीएच०’ द्या. इथटूलचं स्पेलिंग ई, टी, एच, टी, ओ, ओ, एल. आज्ञा इंग्रजीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. स्पीड, ड्युप्लेक्स आणि ऑटो-निगोशिएशन या तीन ओळी वाचा. ड्युप्लेक्स ‘हाफ’ दिसलं की संशय घ्या. मात्र पक्कं केलेल्या टोकाला ‘फुल’च दिसतं, म्हणून स्विचची सेटिंगही बघावी.

दुरुस्ती कशी?

पहिला उपाय म्हणजे दोन्ही टोकं ऑटोवर आणणं. आज्ञा: ‘सुडो इथटूल -एस ईटीएच० ऑटोनेग ऑन’. इथे एस छोटाच हवा. समोरचा जुना स्विच १०० फुलवर पक्का असेल आणि बदलता येत नसेल, तरच ‘सुडो इथटूल -एस ईटीएच० स्पीड १०० ड्युप्लेक्स फुल ऑटोनेग ऑफ’ द्या. तांब्याच्या वायरवर १००० चा वेग हवा तर ऑटो लागतंच, ते बंद करू नका.

इथटूलने केलेला बदल संगणक रीस्टार्ट केला की जातो. चूक झाली तर हीच सोय. कायम ठेवायचा असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये नोंदवा. फ्रीबीएसडीवर हेच काम ‘आयएफकॉन्फिग’ करतं. दुसऱ्या गावातून रिमोटने जोडलेल्या संगणकावर हा प्रयोग टाळा. लिंक तुटली की तिथे जावंच लागेल.

आधी वायर बघा

१००० च्या वेगाला वायरमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उंदराने एखादी तार कुरतडली किंवा क्लिप सैल झाली की वेग १०० वर उतरू शकतो, नाहीतर लिंकच तुटत राहते. वायर १०० मीटरपेक्षा लांब नसावी. आधी वायर बदलून पाहा, मग सेटिंगला हात लावा. काही बदलण्याआधी त्या तीन ओळींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

एवढं करूनही दोन्ही टोकांना ‘फुल’ आणि वेग बरोबर दिसत असेल, तर मात्र तक्रार वरच्या लाईनचीच. तो फोटो सोबत जोडून करावी.