आगोटची खरेदी: पावसाळ्यातला घरखर्च असा वाचवा

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. या काळात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ताजी मासळी कमी येते आणि बाजारात भाव चढतात. म्हणूनच कोकणात पावसाआधी ‘आगोट’ भरण्याची रीत आहे.

सुकी मासळी: सुकट, बोंबील, सोडे मे महिन्यातच घ्या. कडक वाळलेलीच मासळी निवडा. घरी आणल्यावर पुन्हा कडक ऊन दाखवून हवाबंद डब्यात भरा.

आमसूल: एप्रिल-मेमध्ये रातांबे स्वस्त मिळाले तर घरीच वाळवा. वर्षभर कालवणाच्या आंबटपणाची सोय होते.

कुळीथ आणि तांदूळ: कुळीथ उन्हाळ्यात, तर भाकरीचा तांदूळ भातकापणीनंतर, नोव्हेंबरपासून, ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घ्या. मधल्या व्यापाऱ्याचा नफा वाचतो. दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर गाडीभाडंही वाटून जातं.

भाजी: पावसात टाकळ्यासारख्या रानभाज्या गावातल्या बायका विकायला आणतात, त्या घ्या.

मात्र घराला लागेल तेवढंच भरा. ओल लागून बुरशी आली की स्वस्तातला मालही फेकावा लागतो, आणि इस्राफ म्हणजे उधळपट्टी आपल्या दीनमध्ये मना आहे.