रुआनोचे प्रश्न

१५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापून निघालं. त्यात नुकताच जहाजातून उतरलेला डॉक्टर रुआनो तिथल्या वैद्याला प्रश्नांनी भंडावून सोडतो. हिंग कशापासून होतो? कापूर कुठून येतो? भांग पिणाऱ्याला काय होतं? वैद्य खरा होता, गार्सिया द ओर्ता. रुआनो मात्र त्यानंच कल्पिलेला.

रुआनो पोथीपंडित आहे. ग्रीक आणि अरब वैद्यांची वचनं त्याच्या जिभेवर. ओर्ता १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि इथंच राहिला. त्याचा भरवसा डोळ्यांवर आणि बाजारातल्या माणसांवर. स्पेनमध्ये असतो तर ग्रीक वैद्य गॅलेनविरुद्ध बोलायची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही तो देऊन टाकतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची ऊठबस होती. तिथल्या हकिमांशी वाद घालावेत, गुजराती वाण्यांना मालाचा भाव आणि उगम विचारावा, असा त्याचा खाक्या. हिंगाच्या प्रकरणात तर विजयनगरचा एक घोडा येतो: पोटात वारा धरणारा, म्हणून राजानं नाकारलेला आणि शेवटी हिंगानं बरा झालेला!

या जिज्ञासेला कुंपणंही होती. झाडपाला आणून देणारी दासी अंतोनिया पुस्तकात हुकमापुरती येते. तिला त्या झाडपाल्याचं काय ठाऊक होतं, हे रुआनो विचारत नाही.

आणखी एक विषय दोघंही टाळतात: ओर्ताचं स्वतःचं कूळ. घराणं मूळचं ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, येऊन ठेपलं होतं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

पुस्तक तोवर निसटलं होतं. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १५६७ मध्येच अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला. माहिती तेवढी ठेवली, संवाद गाळले. युरोपभर गेलं ते हे रुआनोविना पुस्तक. मूळच्यापेक्षा कितीतरी कोरडं.

मार्कमच्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतरात रुआनो शाबूत आहे. मुंबई बेट ओर्ताकडे खंडानं होतं, आणि तिथल्या आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं असं तो सांगतो. मुंबईकरांनी ते प्रकरण तरी वाचावं.