बोट लागलेला नगरकर

आम्ही नगरची माणसे दुष्काळाला भीत नाही. पाण्याला मात्र भितो! तीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला रेवदंड्यास देऊन लाँचने परतताना मला अशी बोट लागली, की नव्या व्याह्यांचे श्रीखंड समुद्रार्पण झाले. त्यानंतर दर भाऊबीजेला मी पेणवरून मोटारीनेच गेलो. गेल्या वर्षी तिचा निरोप आला, “दादा, गुडघे थकले रे. धक्क्यावर उभी राहून तुझी वाट पाहायची हौस राहिलीय. एकदा बोटीने ये.”

आता आली का पंचाईत! मी पुस्तकांना शरण गेलो आणि शरमलो. ज्या चौल-रेवदंड्याला जायला मी भीत होतो, ते एके काळी आमच्याच निजामशाहीचे बंदर! 1508 साली चौलच्या पाण्यात पोर्तुगिजांचा पराभव झाला. पुढे 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने तेथील पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला, पण ते त्याच्या हाती लागले नाही.

याच काळातला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. 1534 साली तो हिंदुस्थानात आला आणि नगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही व वैद्य झाला. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधींवर संवाद आहेत. त्यांत एक आल्यावर आहे, तर एक धोतऱ्यावर. गंमत पाहा, बोट लागण्यावरच्या आजच्या उपायांत ही दोन्ही नावे येतात! धोतऱ्यात असलेल्या हायोसिन द्रव्याच्या गोळ्या दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिल्या होत्या. आता त्याची पट्टी कानामागे लावतात. धोतरा मात्र विषारी. त्याच्या वाटेला कोणी घरी जाऊ नये. आल्याने काहींना गुण येतो आणि ते निरुपद्रवी.

मुळात भांडण डोळ्यांचे आणि कानांचे. आतल्या कानाला डुलणे कळते, पण केबिनमध्ये बसलेल्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते. या तंट्यात पोट नाहक भरडले जाते. म्हणून बोटीच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे, वाचू नये आणि पोट तुडुंब भरू नये, तसेच अगदी रिकामेही ठेवू नये. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

भाऊबीजेच्या सकाळी गेटवेला दोन इडल्या खाऊन, खिशात आलेपाकाच्या वड्या घेऊन मी बोटीत पाऊल टाकले. तासभर क्षितिजावरून नजर हलवली नाही. पोटात दोनदा कालवले, पण अब्रू राहिली. मांडव्याच्या धक्क्यावर काठी टेकून ती उभी होती. मला पाहताच म्हणाली, “दादा, श्रीखंड केलंय. परतीच्या बोटीआधी नको, आत्ताच खा!”