कातणारीचे आठ आणे



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकसारख्या साड्यांचा विषय निघाला. प्रभाग संघाच्या वार्षिक सभेला सगळ्याजणी एका रंगात दिसायला हव्यात, एवढंच ठरवायचं होतं. पण दोन तास गेले. एकीचं म्हणणं, बाजारात साडेतीनशेला चांगली साडी मिळते, धुवायला सोपी, इस्त्रीची कटकट नाही. दुसरी म्हणाली, हातमागाची घेऊ, पैसा विणणाऱ्याच्या घरी जाईल. तेव्हा मागे बसलेल्या एका मावशीने विचारलं, "जाईल म्हणजे किती जाईल?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. म्हणून घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. कपडा घेताना काय विचारायचं, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षं चालू आहे, आणि तो हळूहळू मावशीच्या प्रश्नापर्यंत आलेला आहे.

सुरुवात पुण्यातून करू. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी 1872 साली स्वदेशी वापरायची शपथ घेतली. 1877 च्या दिल्ली दरबारात राजे-महाराजे जरीच्या पोशाखात आले, तिथे काका हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. पुढे ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तेव्हाचा प्रश्न सरळ होता: कापड कुठलं? मँचेस्टरचं की आपल्याकडचं?

प्रश्न बरोबरच होता, पण अर्धा होता. बहिष्कारामुळे मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाला मागणी आली. त्याच सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधार पडला तरी काम थांबेना. कामाचे तास बाराच्या पुढे गेले. पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा मिळायला 1911 चा कायदा यावा लागला. म्हणजे अंगावरचं कापड स्वदेशी, आणि ते काढणारा माणूस उभ्या-उभ्या पेंगतोय. गिरणी कामगारांनी हे आधीपासून सांगितलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी एप्रिल 1890 मध्ये मुंबईत भरवलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि तिथे दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. आपल्या बैठकीत बोलायला लाजणाऱ्या मैत्रिणींना मी त्या दोघींची आठवण नेहमी करून देते.

आता थोडं गुजरातेत जाऊ, कारण खादीची गोष्ट तिथे सुरू होते आणि ती एका बाईने सुरू केली. गांधीजींना हातसूत हवं होतं, पण चरखा सापडेना. तो शोधला गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंनी, बडोदा संस्थानातल्या विजापूर गावात. तिथे घरोघरी चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले. बायकांनी अट घातली: पेळू नियमित द्या आणि सूत विकत घ्या, मग कातू. बघा, मागणीची खात्री झाल्याशिवाय काम हातात घ्यायचं नाही, हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवावं लागलं नव्हतं!

पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी, जिच्यातून धागा ओढतात. सुरुवातीला ते पेळू मुंबईच्या गिरणीतून येत. गांधीजींना ते खटकलं. पेळू गिरणीचा चालतो, तर मग सूत गिरणीचं का नको? तेव्हा गंगाबेननी पिंजारी शोधला. त्याने महिना पस्तीस रुपये मागितले आणि ते दिलेही. हा पस्तीसचा आकडा लक्षात ठेवा. आश्रमातली पहिली खादी पडली 17 आणे वार, म्हणजे रुपयापेक्षा एक आणा जास्त. त्या काळात हे भलतंच महाग.

मग खादी वाढली. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, गावोगाव भांडारं निघाली. आता प्रश्न कुठलं कापड एवढाच राहिला नाही, कुणाच्या हातचं हेही विचारलं जाऊ लागलं. पण खादी खपायची तर भाव उतरायला हवा, आणि भाव उतरवायचा म्हणजे कुठेतरी काटायला हवं. पिंजारी अडून बसतो, कारण त्याच्याशिवाय पेळू नाही. विणकर अडून बसतो, कारण माग त्याच्या घरात आहे. कातणारी मात्र घरात बसलेली, एकेकटी. एका मागाला सूत पुरवायला अनेक कातणाऱ्या लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ त्यांचाच. आणि मजुरी? दिवसभर कातून एखाद-दोन आणे. महिन्याचे फार तर तीन-चार रुपये. त्या पिंजाऱ्याचे पस्तीस आठवा. तिचं काम "फावल्या वेळाचं" धरलं होतं ना. हा शब्द आपणही रोज ऐकतो.

1935 साली ही गोष्ट गांधीजींनीच उघड बोलून दाखवली. कातणारीला तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे मिळावेत, असं त्यांचं म्हणणं. संघातले कार्यकर्ते घाबरले. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग. भाव वाढला की गिऱ्हाईक जाणार, गिऱ्हाईक गेलं की त्याच कातणारीचं काम जाणार. ही भीती खोटी नव्हती. आपल्या वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी याच काळात स्वतः दिवसभर कातून त्या मजुरीवर पोट भरतं का, ते करून पाहिलं. मला हा मार्ग आवडतो. दर ठरवणाऱ्याने आधी तो दर खाऊन बघावा.

ऑक्टोबर 1935 मध्ये चरखा संघाने ठराव केला: आठ तास नीट काम करणाऱ्याला किमान पोटभर योग्य अन्न आणि गरजेपुरतं कापड मिळेल इतकी मजुरी असावी. बाजारात काय दर चाललाय ते न बघता, माणसाला जगायला काय लागतं त्यावरून हिशोब मांडायचा. आठ आणे काही मिळाले नाहीत. सुरुवात तीन आण्यांच्या आसपास झाली. पण निम्म्याहून कमी का होईना, दर वर गेला आणि खादीचा भावही वर गेला. घेणाऱ्याला तो द्यावा लागला.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. वाढलेल्या मजुरीसोबत कातणारीने स्वतः खादीच वापरावी अशी अट आली आणि त्यासाठी मजुरीतून रक्कम कापून ठेवली जाई. पैसा तिचा, मग साडी कुठली घ्यायची ते तिला का ठरवू दिलं नाही?

आजच्या कपड्यावर चिठ्ठी असते. हँडलूम मार्क 2006 पासून आहे, तो दिसला तर कापड हातमागाचं आहे एवढं कळतं. खादीलाही तसा मार्क आहे. पण कातणारीला, विणणारीला काय मिळालं, हे त्या चिठ्ठीवर नसतं. मोठ्या कंपन्यांच्या तयार कपड्यांवर तर फक्त देशाचं नाव. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना तडे दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, पण वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. इमारत कोसळून 1,100 हून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका. त्या शिवत होत्या ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या दुकानांत जाणार होते.

आता आमचं सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. आमचा गट एका दुकानदारासाठी कापडी पिशव्या शिवतो. कापड त्याचं, दोरा आणि वीज आपली, दर नगाला 8 रुपये. हे सगळं वाचल्यावर आम्ही घड्याळ लावून बसलो. कापणं, शिवणं, दोरे काढणं, इस्त्री, घडी धरून एका पिशवीला 35 मिनिटं लागली. आठ तासांत 13 पिशव्या. 13 आठे 104 रुपये, त्यातून दोरा-वीज वजा. खुरपणीला गेलो तर याच्या दुप्पट मिळतात. दोन वर्षं आम्ही या दराने काम केलं आणि तो दर आमच्यापैकीच कुणीतरी, काम हातचं जाऊ नये म्हणून, घाईत कबूल केला होता. त्या कुणीतरीत मीही होते.

आम्ही 18 रुपये सांगितले. तो 14 वर आला आणि पिशव्यांची संख्या निम्मी केली. चौघींचं काम सध्या थांबलंय. त्यांच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधतोय.

साड्यांचं अजून ठरलेलं नाही. जवळच्या विणकर सोसायटीला फोन करून मावशीनेच विचारलं, एका साडीमागे विणणाऱ्याला किती आणि बॉबिन भरणाऱ्या बाईला किती. पहिला आकडा त्यांनी लगेच सांगितला. दुसऱ्यासाठी मंगळवारी परत फोन करा म्हणाले.