गोऱ्या माणसाचें ओझें

‘व्हाइट मॅन्स बर्डन’ हा इंग्रजी शब्दप्रयोग आमच्या सुशिक्षितांच्या तोंडीं इतका बसला आहे, कीं तो हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्यास उद्देशूनच निघाला असें बहुतेक गृहीत धरतात. मीही वर्गांत कित्येक वर्षें तसेंच सांगत होतों! वस्तुस्थिति निराळी आहे. किप्लिंग जन्मला मुंबईस, १८६५ सालीं, हें खरें. पण १८९९ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालेल्या या नांवाच्या कवितेंत त्याची विनवणी आहे ती अमेरिकेस, आणि ओझें आहे फिलिपाइन बेटांचें. पॅरिसच्या तहानें तीं बेटें स्पेनकडून दोन कोटि डॉलरांस अमेरिकेकडे जावयाचीं होतीं. तेथील रहिवाशांस कोणी विचारलें नाहीं. ४ फेब्रुवारीस मनिला येथें लढाई जुंपली. ६ तारखेस सेनेटनें तह मंजूर केला. दुसऱ्याच दिवशीं सेनेटर टिलमन यांनीं तीच कविता सेनेटमध्यें वाचून दाखविली, ती मात्र हें ओझें नको म्हणून. यांत फिलिपिनो लोकांविषयीं कळवळा होता असें नव्हे. टिलमन वर्णद्वेष्टे म्हणूनच प्रसिद्ध होते.

तेव्हां केवळ ‘मोठी जबाबदारी’ या अर्थीं हे शब्द योजणें चूक होय. मराठींत ‘धुरा’ म्हटलें कीं मान येतो, ‘ओझें’ म्हटलें कीं कष्ट. किप्लिंगला दोन्ही गोऱ्याच्याच पदरीं घालावयाचे होते. आज जाणता लेखक हा प्रयोग उपरोधानेंच करतो. फिलिपिनो लोकांच्या मानेवरून तें ओझें उतरावयास ४ जुलै १९४६ उजाडला.