गाळातून उगवलेले अभयारण्य : नांदूर मध्यमेश्वर

#धागा

समृद्धी महामार्गाचा प्रारंभ आम्हा मिहानकरांच्या शेजारी, शिवमडक्याला होतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि आम्हा वैदर्भीयांना एरवी पुस्तकांतूनच भेटणारे गोदावरीचे वरचे खोरे एका दिवसाच्या अंतरावर आले. या जानेवारीत त्याच रस्त्याने शिर्डीपर्यंत आणि तिथून पुढे साध्या रस्त्याने निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला गेले. द्राक्षबागांच्या मधोमध, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर वसलेले हे पक्षी अभयारण्य. चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहताना ते अनादी काळापासून असेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे वय सव्वाशे वर्षांच्याही आतले आहे आणि त्याच्या जन्माला पक्षी नव्हे, दुष्काळ कारणीभूत आहे. आजचा धागा त्याविषयी.

आधी एक खुलासा. अनेक जण या स्थळाला ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणतात. ते तसे नाही, आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात खासगी हक्क संपुष्टात येतात. अभयारण्यात ते काही अटींसह चालू राहू शकतात. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, ते सुमारे १०० चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, मळे आले, विहिरी आल्या. द्राक्षवेल आणि क्रौंच पक्षी एकाच चौकटीत दिसतात, ते या कायदेशीर तडजोडीमुळे.

आता मूळ गोष्ट. नाशिक सोडल्यावर गोदावरी पूर्वेकडे वळते, वाटेत दारणा तिला मिळते आणि नांदूर मध्यमेश्वरला कादवा. सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात, पाऊस धो धो कोसळतो. निफाड-कोपरगावकडे येईपर्यंत तो आटतो. म्हणजे नदी भरलेली आणि काठची जमीन तहानलेली, हा येथील जुना विरोधाभास. संगमावरील मंदिरांमुळे गावाला तीर्थाचे महत्त्व होतेच. मृगाचे रूप घेतलेल्या मारीचावर रामाने बाण सोडला तो याच परिसरात, अशी स्थानिक आख्यायिका मृगव्याधेश्वराच्या नावाशी जोडलेली आहे. (सुवर्णमृगाचे स्थान सांगणारी गावे गोदाकाठी एकाहून अधिक आहेत, त्यांच्या भांडणात आपण पडू नये.)

१८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. दख्खनच्या शेतकऱ्याने एका पिढीत तीन भीषण दुष्काळ पाहिले. १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगापुढे मुंबई इलाख्याच्या दख्खन भागाचा प्रश्न अवघड होता. येथील कालवे पंजाबातल्या कालव्यांसारखे सरकारला नफा देणारे नव्हते. तरीही ते बांधावेत, कारण दुष्काळी मदतीचा खर्च वारंवार करण्यापेक्षा तो टाळणारे काम बरे, असा हिशेब मांडला गेला. अशा कामांना ‘संरक्षक’ कामे म्हणत. करुणा आणि काटकसर यांचे हे मिश्रण वसाहतकालीन कागदपत्रांत जागोजागी भेटते. त्यातला कोणता घटक प्रबळ होता, यावर माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

१९०७ ते १९११ या काळात संगमाखाली दगडी बंधारा उभा राहिला. तो पाणी साठविण्यासाठी नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. नदीची पातळी थोडी उचलायची आणि पाणी डाव्या व उजव्या कालव्यांत वळवायचे, एवढेच त्याचे काम. साठा वर, दारणा धरणात व्हायचा. ते १९१६ मध्ये पूर्ण झाले. तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत यायचे आणि बंधाऱ्यापाशी कालव्यांत शिरून कोपरगाव-राहात्याकडे जायचे. ज्या कोपरगावात राघोबादादांचा १७८३ मध्ये अंत झाला, त्या कोरड्या मुलखात असे पाटाचे पाणी पोहोचले.

पुढे जे घडले ते आयोगाच्या कल्पनेत बसणारे नव्हते. पाणी बाजरी-ज्वारीला मिळावे, दुष्काळात धान्य पिकावे, हा हेतू. पण काळ्या जमिनीत बऱ्या पावसाच्या वर्षी ही पिके पाटाच्या पाण्यावाचून निघत. मग पाणीपट्टी कोण भरणार? पाणी खरे घेतले उसाने. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्यांच्या मागोमाग नीरेवरून गोदावरी-प्रवरेकडे आले, गुऱ्हाळे पेटली, पुढे साखर कारखाने आले. काही जमिनी अतिपाण्याने पाणथळ आणि क्षारपड झाल्या. दुष्काळ टाळण्यासाठी आणलेल्या पाण्याने नगदी पिकाचा प्रदेश घडविला. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास सांगताना आपण पुढाऱ्यांपासून सुरुवात करतो. मला ती या दगडी भिंतीपासून करावीशी वाटते.

या भिंतीमागे दुसरी एक गोष्ट संथपणे घडत होती. गोदावरी, दारणा आणि कादवा पावसाळ्यात आपापल्या खोऱ्यांतील माती घेऊन येतात. बंधाऱ्यापाशी प्रवाह मंदावला की ती खाली बसते. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. फुगवटा उथळ झाला, मध्ये बेटे उगवली, त्यांवर पाणवनस्पती आणि लव्हाळे माजले. अभियंत्याच्या दृष्टीने हे अपयश. पण उथळ पाणी, चिखल आणि गवत हेच पाणपक्ष्यांना हवे असते. चमचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चक्रवाक, तलवार बदके आणि क्रौंच. सलीम अलींनी या जागेची तुलना भरतपूरशी केली होती, असे येथे अभिमानाने सांगितले जाते. ती तुलना इतिहासाच्या अंगानेही चपखल आहे, कारण भरतपूरचे केवलादेवही अठराव्या शतकातील अजान बांधामुळे घडलेले पाणथळ क्षेत्र आहे.

युरोपातील एक समांतर उदाहरण येथे आठवते. ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर थाया नदीची खोल, वळणावळणाची दरी आहे. शीतयुद्धाच्या काळात तेथून लोखंडी पडदा गेला, माणसांची ये-जा थांबली आणि दरी जवळजवळ अस्पर्शित राहिली. कुंपण गेल्यावर चेक बाजूला १९९१ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला २००० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ऑस्ट्रियाचे उद्यान जेमतेम १,३३० हेक्टरचे आहे. चेक उद्यानाच्या हद्दीत शोबेस नावाचा जुना द्राक्षमळा आजही पिकतो. नांदूर मध्यमेश्वरचे २०१९ मध्ये रामसर यादीत गेलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. तिकडे निसर्ग वाचला तो माणूस हद्दपार झाल्यामुळे. इकडे तो घडला तो माणसाने नदी अडविल्यामुळे.

द्राक्षांचा अध्याय नंतरचा आहे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझरला झाल्याचे सांगतात. भोकरीसारख्या बियांच्या जातींनंतर थॉम्पसन सीडलेस आली, आणि तिच्यासोबत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मांडव, ठिबक आणि निर्यातीचे वेळापत्रक. २००१ च्या राज्य धोरणाने वाइन उद्योगाला सवलती दिल्या आणि याच तालुक्यातील विंचूरला वाइन पार्क आला. हे तेच विंचूर, पानिपतच्या रणांगणावर असलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे! बागांना पाणी कुठे पालखेडच्या कालव्याचे, कुठे विहिरीचे, तर कुठे थेट बंधाऱ्याच्या फुगवट्यातून उपसलेले. अभयारण्याच्या हद्दीचा प्रश्न निघाला की काठचे शेतकरी अस्वस्थ होतात, त्यामागे हे उपशाचे पाइप आहेत. शिवणगाव-खापरीच्या शिवारांचा एका पिढीत प्रकल्प झालेला मी जवळून पाहिला आहे. त्यामुळे नकाशावर नवी रेघ ओढली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा का येतो, हे मला समजावून घ्यावे लागत नाही.

खरा पेच मात्र गाळाचा आहे. फुगवटा उथळ झाल्याने पुराचे पाणी वरच्या बाजूच्या सायखेडा आणि चांदोरीत शिरते. ऑगस्ट २०१६ आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये या गावांच्या बाजारपेठांत आणि घरांत पाणी होते. गाळ काढा, ही त्यांची मागणी जुनी आहे आणि ती रास्तही आहे. पण जो गाळ चांदोरीच्या घरात पाणी आणतो, त्याच गाळावर क्रौंच उतरतो. रामसर यादीच्या वर्णनात या जागेला पुराला थोपविणारे क्षेत्र म्हटले आहे. सायखेड्याच्या दुकानदाराला ते वाक्य वाचून दाखविण्याचे धाडस मला झाले नसते.

बंधाऱ्याच्या खालच्या बाजूलाही एक गाव वाट पाहत असते. खरे तर एक अख्खा विभाग. जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झाले, आणि २००५ च्या कायद्यानंतर खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटप हा नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातील कायमचा वाद झाला. वरून किती पाणी गेले, हे मोजतात ते याच ठिकाणी. जुलै-ऑगस्टमध्ये ‘नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग’ ही बातमी पैठणपासून परभणीपर्यंत वाचली जाते. तिच्यात पक्ष्यांचा उल्लेख नसतो आणि द्राक्षांचाही नाही.

मी गेले तेव्हा विसर्ग नव्हता. संध्याकाळी भिंतीच्या दगडांवर ऊन होते, वरच्या अंगाला जलपर्णीचा हिरवा थर आणि त्यापलीकडे चिखलात उभे असलेले शेकडो पक्षी. खालच्या अंगाला कोरडे पात्र. पाटाच्या दाराशी मात्र पाणी आवाज करीत कोपरगावच्या दिशेने निघाले होते.